बारवेच्या पायरीवरच्या चपला

अचलपुरात मैनाच्या कोठीचा पत्ता विचारावा लागत नाही. परतवाड्याला बसमधून उतरून नुसतं इकडेतिकडे पाहिलं तरी ऑटोवाला म्हणतो, भुताच्या कोठीत का? आणि भाडं दुप्पट सांगतो. भूत पाहायला निघालेला माणूस घासाघीस करत बसत नाही, हे त्याला अनुभवानं कळलेलं आहे.

कोठी बांधली नवाबाच्या पदरच्या कुण्या सरदारानं. त्यानं मैना नावाची गाणारी आणून ठेवली आणि एका सकाळी ती अंगणातल्या बारवेत, म्हणजे त्या पायऱ्यांच्या विहिरीत, तरंगताना सापडली. मग कापूस घेणारा एक इंग्रज आला. त्यानं दगडी कमानींना रंगीत काचा बसवल्या, लाकडी जिना केला आणि पटकीनं मेला. तेव्हापासून जिन्यात बूट वाजायला लागले. त्याच्यामागून जिनिंगवाला शेठ आला, आणि शेठच्या मागून सरकारी धान्याचं गोदाम. गोदामाच्या काळात मात्र कुणालाच काही दिसलं नाही. उंदरांपुढे भुतांचं चाललं नसावं. शेवटी लिलावात ती कोठी खुशालराव नावाच्या संत्र्याच्या बागाईतदारानं घेतली. गाव हसलं. खुशालरावची बायको दुर्गाबाई हसली नाही. घरात भूत असलं तर ते कामाला कसं लावायचं, हे तिला गृहप्रवेशाच्या दिवशीच समजलं होतं.

त्या खुशालरावची थोरली सून साधना अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ऊन तापायच्या आत, कोठीच्या फाटकावर तिकीट काढून उभी राहिली. स्वतःच्या सासरी तिकीट काढून शिरणारी वऱ्हाडातली ती पहिलीच बाई असेल. अर्थात तिकीट देणाऱ्याला ती सून आहे हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो खिडकी टाकून पळाला असता, कारण कोठीच्या हिशेबानं साधना मेलेली होती. तिची पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती, आणि आता त्या पोरीच्या लग्नाचं वय निघून चाललं होतं. इतकी वर्षं साधना मेलेलीच होती.

मेली कशी, तेही सांगून टाकावं. साधना लग्न होऊन आली ती तोंडाची खमकी. नवऱ्यानं हात उचलला तर का उचलला म्हणून विचारायची. पोरगी झाली म्हणून बाळंतिणीला डिंकाचे लाडू बंद झाले, तर तिनं जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर ते बोलून दाखवलं. दुर्गाबाईनं वाद घातला नाही. ती शांतपणे म्हणाली, ही आपली सून बोलत नाही, हिच्या अंगात मैना बोलते. त्या दिवसापासून साधनानं तोंड उघडलं की मैना आली असं ठरलं, आणि मैना आली की घमेल्यात निखारे घालून त्यावर लाल मिरच्या टाकायच्या आणि सुनेचं डोकं धरून त्यावर वाकवायचं असंही ठरलं. नवरा गजेंद्र मान धरायचा. त्याचा हात चांगला भरदार होता.

धुरी थांबवायचा एकच उपाय होता, आणि साधना तो लवकरच शिकली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत असताना ओरडायचं, मी मैना, जातो मी, पुन्हा येत नाई. मग मान सुटायची. पण मैना पुन्हा यायची, कारण साधनाला पुन्हा बोलल्याशिवाय राहवायचं नाही. एका पहाटे तिनं बारवेच्या पायरीवर आपल्या चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायांनी बसथांबा गाठला. पोरगी आजीच्या कुशीत निजलेली होती. तिला उचलली असती तर ती रडली असती, आणि ती रडली असती तर घर उठलं असतं. महिन्याभरात येऊन घेऊन जाईन, असं साधनानं स्वतःला सांगितलं. बस अंजनगावच्या पुढे जाईपर्यंत तिचा त्यावर विश्वासही होता.

अकोल्यात तिनं जमुना हे नाव घेतलं आणि शिकवणीच्या पोरी राहतात तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. महिना गेला, वर्ष गेलं. कोठीत ती मेल्याचं जाहीर झालं आहे, बारवेत गळ टाकून शोधलं, मैनानं तिला खाली ओढून नेलं असं लोक म्हणतात, हे तिच्या कानावर आलं. परत जायचं म्हटलं की नाकात मिरची झोंबायची. माणूस भितं, आणि भिता भिता म्हातारं होतं. त्यात काही मोठं गूढ नाही.

मेसमधल्या रश्मी नावाच्या पोरीनं जेवताना मोबाईल पुढे धरला नसता तर साधना मेलेलीच राहिली असती. रश्मी म्हणाली, पाहा जमुनामावशी, किती भारी कोठी हाय, इथं भूत हाय म्हणे. पडद्यावर एक उंच, सावळी बाई बारवेकडे हात करून सांगत होती की माझी आई इथं गेली आणि अजून इथंच आहे. गालाची हाडं साधनाची, भुवया गजेंद्रच्या, आवाज कुणाचाच नाही. खाली नाव होतं मोनाली. साधनाची तव्यावरची पोळी जळून गेली. त्या रात्रीपासून तिला एकच गोष्ट हवी होती. पोरीसमोर उभं राहायचं, मी जिवंत आहे म्हणून सांगायचं, आणि तिच्या तोंडून एकदा आई अशी हाक ऐकायची. त्यापुढचं तिनं काही ठरवलं नव्हतं.

तर ती आत शिरली. मेळघाटात वाघ पाहायला सेमाडोहला निघालेली पुण्यानागपूरची मंडळी वाटेत भूतही पाहून घ्यावं म्हणून थांबली होती. टोप्या, काळे चष्मे, पाण्याच्या बाटल्या. त्यांच्या मागं सुती साडीतली साधना डोक्यावर पदर घेऊन चालली. कोठी आता चांगली रंगवून काढली होती. जिन्याला पॉलिश होतं. ज्या खोलीत घमेलं यायचं तिथं काचेच्या टेबलावर पुदिन्याचं सरबत विकत होते.

मोनालीनं सगळ्यांना कोठी दाखवली. तिला सांगायची कला होती, यात वाद नाही. सरदार, मैना, इंग्रज, सगळ्यांना तिनं हसवून, घाबरवून ओळीनं उभं केलं. मग ती फाटकाजवळच्या बारवेपाशी आली आणि आवाज खाली घेतला. पाण्याच्या वरच्या पायरीवर एक जुनाट चपलांचा जोड ठेवला होता, भोवती झेंडूची फुलं. ह्या माझ्या आईच्या चपला, मोनाली म्हणाली. माझी आई फार मायाळू होती. तिला मैनानं नेलं, पण मला सोडून तिला जाववत नाही. मी आजारी पडले की उशाशी कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. एका टोपीवाल्या बाईनं डोळे पुसले आणि मग चपलांचा फोटो काढला.

साधना त्या चपलांकडे बघत राहिली. त्या तिच्या नव्हत्या. तिच्या चपला अंगठ्याच्या होत्या, ह्या पट्ट्याच्या. आणि ह्यांची तोंडं घराकडे होती. तिनं तिच्या पाण्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या. मरायला निघालेलं माणूस पाण्याकडे तोंड करून चपला काढेल, एवढा विचार त्या घाईतही तिनं केला होता. तिला मोनालीला हाताला धरून बाजूला न्यावंसं वाटलं. पण एवढ्यात मोनालीनं सांगितलं की आज अखाजी आहे, आज आईच्या नावाची घागर भरली आहे, आणि पाहुण्यांनी पितराचं जेवण पाहायला वर ओसरीवर यावं.

अखाजीला वऱ्हाडात मेलेल्यांची आठवण करतात. मातीच्या घागरीत पाणी भरून वर खरबूज आणि आंबे ठेवतात, आणि मेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. पुरुष गेला असेल तर पुरुष, बाई अहेवपणी गेली असेल तर सवाष्ण. घरोघरी हे गुपचूप होतं. मैनाच्या कोठीत ते खुर्च्या मांडून होत होतं.

ओसरीवर गडबड झालेली दिसली. दरवर्षी पितर म्हणून बसणाऱ्या पार्बताबाईच्या घरात त्याच सकाळी कुणीतरी वारलं होतं आणि तिला सुतक लागलं होतं. स्वयंपाक निवत होता, पाहुणे घड्याळ बघत होते. सीमा, म्हणजे गजेंद्रची दुसरी बायको, कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. जाड, घामाघूम, हातात कढीचा डाव. साधनाच्या मागून चार महिन्यांत ती ह्या घरात आली होती. तिची नजर खुर्च्यांवरून फिरत फिरत डोक्यावर पदर घेतलेल्या एकट्या बाईवर थांबली. टोप्यांमध्ये पदर तेवढा एकच होता.

"बाई, सवाशीन हा ना तुमी?" सीमानं विचारलं.

ओसरीच्या कोपऱ्यात चाकांच्या खुर्चीत गजेंद्र बसला होता. लकव्यानं त्याचं अर्धं अंग गेलं होतं. तोंड वाकडं, हनुवटीखाली रुमाल, आणि तो भरदार हात मांडीवर निकामी पडलेला. त्यानं साधनाकडे पाहिलं. त्याचा चांगला डोळा एकदम मोठा झाला आणि तो घशातून घरघरायला लागला. सीमानं डाव ठेवला, त्याची लाळ पुसली आणि पाहुण्यांना सांगितलं की भूक लागली की ते असंच करतात.

"हाव," साधना म्हणाली. "सवाशीन हावो."

तिनं चपला दाराबाहेर काढल्या आणि पाटावर बसली. खरं तर तिनं तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण मोनाली तांब्या आणि परात घेऊन समोर आली, खाली बसली, आणि तिनं साधनाचे पाय हातात घेतले. इतक्या वर्षांत तिला पोरीचा पहिला स्पर्श झाला तो पायांना. कुण्या परक्या बाईचे धुवावेत तसे मोनालीनं ते भराभर धुतले, पुसले, हळद-कुंकू लावलं, आणि पाहुण्यांना फोटो नीट यावा म्हणून थोडी बाजूला सरकली. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकून तिनं हात जोडले.

"आई, जेव," ती म्हणाली. "तुझ्या नावाचं हाय."

हवी होती ती हाक साधनाला मिळाली. ती तिच्यासाठीच होती, आणि तिच्यासाठी नव्हतीही. साधनानं पुरणपोळीचा तुकडा मोडला, चिंचवणीत बुडवला आणि तोंडापर्यंत नेला. घास काही आत जाईना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि खांदे हलायला लागले. खुर्च्यांमध्ये कुजबूज झाली. तिला वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही.

"मोना," ती म्हणाली. "मी साधना हावो. मी तुही माय."

सगळे मोबाईल एकदम वर झाले. कुणीतरी म्हणालं, आलं, अंगात आलं. सीमानं हात जोडले आणि कपाळाला लावले. साधनाला क्षणभर समजलंच नाही की काय झालं. मग समजलं. ह्याच घरात, ह्याच ओसरीवर, तिनं स्वतःच्या तोंडानं बोललेलं बोलणं पुन्हा दुसऱ्याच्या नावावर जमा झालं होतं. पूर्वी ती बोलायची आणि लोक म्हणायचे मैना बोलते. आता ती बोलली आणि लोक म्हणाले साधना बोलते. मधल्या मध्ये तिला स्वतःला कुठेच जागा नव्हती.

तिनं हिरिरीनं सांगायला सुरुवात केली. अंगात नाही आलं, मी खरीच आहे. मोनाच्या डाव्या कानामागं मसूराएवढा तीळ आहे. मोना पालथी पडायला शिकली ती ह्या खांबाजवळच्या सतरंजीवर. आजी तिला गुळाचं बोट चाखवायची आणि मी भांडायची. जे जे ती सांगत गेली ते ते तिच्याच विरुद्ध जात गेलं. परक्या बाईला तिळाची गोष्ट कशी कळली, टोपीवाली बाई शेजारणीला विचारत होती, आणि भूत खरं असल्याची तिची खात्री पटत चालली होती. जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायची वेळ कधी येत नाही. त्यामुळे ते कसं करायचं, हे साधनाला ठाऊक नव्हतं.

मोनाली मात्र घाबरली नव्हती. ती साधनाच्या समोर गुडघे टेकून बसली होती. तिनं आपल्या कानामागं हात नेला आणि तो तिथंच राहिला. तिचा पाहुण्यांसाठीचा आवाज गेला होता. बोलली ती घरच्या आवाजात, अगदी लहान पोरीसारखं.

"आई, तू उडी काहून टाकली? मले सोडून काहून गेली?"

इथं साधनाला खोटं बोलता आलं असतं. मैनानं ओढलं म्हणाली असती तर पोरगी गळ्यात पडून रडली असती, लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या, आणि दोघींना आयुष्यभर पुरेल एवढं सुख मिळालं असतं. पण ती ज्या एका गोष्टीसाठी आली होती ती गोष्ट खोटं बोलून मिळणारी नव्हती.

"म्या उडी नाई टाकली, बाई," ती म्हणाली. "चपला पायरीवर ठेवल्या. अंगठ्याच्या होत्या. तोंडं पान्याकडं केली, लोकाईले पटावं म्हनून. अन् अकोल्याच्या गाडीत बसली. तू झोपली होती. मी मेली नाई. मी अकोल्यात पोया लाटतो."

पाहुणे हसले. पोळ्या लाटणारं भूत त्यांना नवीन होतं. एकानं विचारलं की हे ठरवून केलेलं नाटक आहे का, असेल तर छान आहे. मोनाली हसली नाही. तिनं साधनाचे हात उलटे करून पाहिले. तळव्याच्या कडेला तव्याचे जुने चटके होते, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. भुताच्या हाताला चटके नसतात. मोनालीनं ते बराच वेळ पाहिले, मग हात खाली ठेवले आणि उभी राहिली. तिचा चेहरा बंद झाला.

"मावशी, निखारे घमेल्यात काढा," ती सीमाला म्हणाली. "अन् मिरच्या आना."

सीमा चुळबुळली. पाहुण्यांसमोर कशाला, असं काहीतरी ती पुटपुटली. मोनालीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मिरच्या आल्या. मग मोनाली पाहुण्यांकडे वळून पुन्हा त्या शहरी आवाजात सांगायला लागली की कधीकधी आईच्या नावाखाली दुसरंच काहीतरी येतं. ते खोटं बोलतं, घरातल्यांना भुलवतं. त्याला वाटेला लावायची आमच्या वारलेल्या आजीची रीत होती, ती तुम्ही आज पाहा. तिनं मूठभर लाल मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या आणि घमेलं साधनाच्या पाटापुढे सरकवलं.

धूर वर आला. साधना उठून पळाली असती तर तिला कुणी अडवलं नसतं. मान धरणारा हात खुर्चीत लुळा पडला होता. पण तिचं अंग तिचं ऐकेना. मान आपोआप खाली वाकली, जणू मागून कुणी धरली आहे. डोळे फुटतील असं झालं. घसा सोलून निघाला. खुर्च्यांवरची मंडळी खोकत खोकत, ओढण्या तोंडाला लावत मागं हटली. सीमा खोकत आत गेली. गजेंद्र खोकून खोकून निळा पडायला आला. एकटी मोनाली घमेल्यासमोर ताठ उभी होती. तिला खोकलासुद्धा आला नाही.

"बोला," मोनाली म्हणाली. "कोन तुमी?"

साधनाच्या तोंडून शब्द निघाले ते तिनं ठरवलेले नव्हते. ते तिच्या घशात इतकी वर्षं पडून होते, फक्त नाव बदललं.

"मी साधना," ती ओरडली. "जातो मी. पुन्हा येत नाई."

मोनालीनं पायानं घमेलं बाजूला सारलं आणि घागरीतलं पाणी ओंजळीनं निखाऱ्यांवर ओतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या गरमीत एवढं खरं वाटणारं काम त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं, असं ते एकमेकांना सांगत होते. पुदिन्याचं सरबत त्या दिवशी खूप खपलं.

साधना तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा दारात तिच्या चपला नव्हत्या. ती इकडेतिकडे शोधायला लागली. फाटकापाशी, कडुलिंबाच्या सावलीत मोनाली एकटी उभी होती. चपला तिच्या हातात होत्या. साध्याच, निळ्या अंगठ्याच्या, अकोल्याच्या बाजारातल्या.

"मोना," साधना म्हणाली, "तुले समजलं ना?"

"समजलं," मोनाली म्हणाली. ती साधनाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, चपलांकडे बघत होती. "तुमी गेल्या, अन् धुरी मले लागली. आजी म्हने, हिची माय हिच्या अंगात येते. मी पयलीत होती तवापासून. मले दूध नको म्हटलं तरी धुरी, शाळेत जायचं म्हटलं तरी धुरी. बाबा मान धरे. मी बी हेच म्हनो. मी साधना, जातो मी, पुन्हा येत नाई."

साधनानं फाटकाचा गज धरला. मला माहीत नव्हतं, असं ती म्हणाली असेल, पण घसा सोललेला होता आणि आवाज नीट फुटला नाही.

"मले तुमचा कधी राग नाई आला," मोनाली पुढे म्हणाली. "माय मेली होती. मेलेलीनं काय करावं? मी त धुरीत बी म्हनो का माय जवळ हाय, माय पाहून राहिली. तेवढ्यावर मी जगली. अन् तुमी तवा पोया लाटून राहिल्या होत्या." तिनं चपलांवरची धूळ बोटानं पुसली. "मेलेल्या मायले मी माफ केलं. जित्तीले माफ करनं मले जमनार नाई. मले माही मेलेलीच राहू द्या."

फाटकातून टोपीवाल्या बाईची गाडी बाहेर पडली. तिनं काच खाली करून साधनाला सांगितलं की तुम्ही फारच सुंदर केलंत. मोनालीनं हसून हात हलवला. गाडी सेमाडोहच्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.

साधनानं चपलांसाठी हात पुढे केला. मोनालीनं त्या दिल्या नाहीत.

"ह्या राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या तवाच्या चपला आजीनं चुलीत घातल्या होत्या. ह्या पायरीवरच्या मी बाजारातून आनून ठेवल्या. लोक फोटो काढतात त मले दरवेळी लाज वाटे. आता खऱ्या झाल्या."

ती बारवेच्या पायऱ्या उतरली. पट्ट्याच्या चपला तिनं काढून बाजूला टाकल्या आणि तिथं साधनाच्या ठेवल्या. भोवतीची फुलं नीट केली. मग क्षणभर विचार केला आणि वाकून चपलांची तोंडं पाण्याकडे फिरवली. वर पाहिलं नाही.

साधना फाटकाबाहेर आली. त्या पहाटे ह्याच रस्त्यानं ती अनवाणी गेली होती, तेव्हा रस्ता मातीचा होता आणि गार होता. आता डांबर वितळून चिकट झालं होतं. पाय टेकवला की चटका बसायचा आणि उचलला की कातडी ओढली जायची. तिनं पदर पायाखाली घेऊन पाहिला, पण चालताना तो पायात येऊ लागला म्हणून सोडून दिला. पुढच्या वळणावर ऑटोवाला उभा होता. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं, लाल डोळ्यांकडे पाहिलं, आणि हसून विचारलं की बाई, दिसलं का भूत? साधना त्याला म्हणाली, दिसलं. मग तिनं बसथांब्याचं भाडं विचारलं, आणि त्यानं दुप्पट सांगितलं तरी ती आत बसली.